कॅमशाफ्ट बदललाच नाही, मजुरी मात्र १४,००० रुपये

इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला म्हणून मी गाडी तुर्भे एमआयडीसीतल्या एका गॅरेजात नेली आणि ३३,९०० रुपये गमावून बसलो. कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा फिरता दांडा) घासला आहे, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागेल, असे सांगून मालकाने कॅमशाफ्टचे ९,८००, हेड गॅस्केटचे २,४५०, लेथच्या कामाचे ४,५००, ऑइल-फिल्टरचे ३,१५० आणि मजुरीचे तब्बल १४,००० रुपये कच्च्या कागदावर लिहून दिले. पक्के बिल हवे असेल तर वर १८ टक्के जीएसटी द्यावा लागेल, असे तो म्हणाला. महिनाअखेरीस सहा हजार वाचत असतील तर माझ्या जागी कोणीही मान डोलावली असती.

मला तिथेच कळायला हवे होते. जुना म्हणून दाखवलेला कॅमशाफ्ट हातात घेतला तेव्हा बोटांना तांबूस गंज लागला आणि मी तो त्याच्याच फडक्याला पुसला! जो भाग इंजिनात सतत ऑइलने माखलेला असतो, त्याला असा गंज चढेलच कसा? शिवाय माझे इंजिन चार सिलिंडरचे, सोळा व्हॉल्व्हचे. त्याच्या दोन कॅमशाफ्टवर व्हॉल्व्ह दाबणारे प्रत्येकी आठ उंचवटे असतात. त्या तुकड्यावर सहाच होते. मोजायला अर्धे मिनिटही लागले नसते.

आठवड्याभरात आवाज परत आला. वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने माझ्यासमोर टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचे झाकण, उघडले, तर कॅमशाफ्ट मूळचाच आणि धडधाकट, हेडच्या बोल्टांना कधी पानाही लागलेला नाही, आणि ऑइल जुनेच, काळेकुट्ट व पातळीच्या खाली. अशा इंजिनात कॅमशाफ्ट हेडच्या वरच बसतो; तो बदलायला हेड उतरवावे लागत नाही. मजुरी ठरवण्याआधी नेमके काय काय उघडणार, हे लिहूनच घ्या.

पोलीस चौकीत तीन खेपा घातल्या; प्रत्येक वेळी ‘हा दिवाणी मामला आहे’ एवढेच ऐकवून परत पाठवले. एका सरकारी कार्यालयात तर बिल नाही म्हणून अर्जच घेतला नाही. बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी, एका सामान्य ग्राहकाने, त्या खुर्चीतल्या माणसाला सांगायचे का? रोख पैसे देऊ नका. यूपीआयने दिलेल्या २०,००० रुपयांची नोंद तरी माझ्याकडे आहे, उरलेल्या १३,९०० रुपयांचा काहीच पुरावा नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. जुना भाग नेहमी मागून घ्या. मी घेतला होता, म्हणूनच तो सहा उंचवट्यांचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवला आहे आणि सुनावणीला तोच टेबलावर ठेवणार आहे.