भाड्याच्या फ्लॅटसाठी ओव्हरड्राफ्ट गृहकर्ज: १४ महिन्यांनंतर

पुण्यात खराडीतला टू बीएचके नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतला, तो भाड्याने द्यायलाच. किंमत ७२ लाख. एवढ्या किमतीवर ८० टक्क्यांपर्यंत कर्ज बसत होतं, मी ५० लाखांवर थांबलो. मुद्रांक शुल्काचे ७ टक्के आणि नोंदणीचे ३० हजार कर्जात धरत नाहीत, ते खिशातूनच गेले.

समोर तीन वाटा होत्या. साधं गृहकर्ज ८.५० टक्क्यांनी, हप्ता ४३,३९१. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं (स्टेट बँकेचं मॅक्सगेन असतं तसं) ८.७५ टक्क्यांनी, हप्ता ४४,१८६. तिसरी, साताऱ्याचं घर तारण ठेवून मालमत्ता कर्ज: दर १० टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता ५३ हजारांच्या पुढे. बाबांसमोर हा विषय काढायची माझी हिंमतच झाली नाही.

मी ओव्हरड्राफ्ट घेतलं. यात कर्जखात्यात टाकलेली जादा रक्कम बाकी कर्जातून वजा धरून व्याज लागतं, आणि ती हवी तेव्हा परत काढता येते. पाव टक्का जास्त म्हणजे सुरुवातीला महिन्याला हजारभर रुपये जादा व्याज. पण खात्यात साधारण १ लाख ४३ हजार पडून राहिले की ते भरून निघतं, त्यावर ठेवाल तेवढी बचत. माझे आणीबाणीचे चार लाख तसेही बचत खात्यात झोपलेले होते. ते इकडे टाकले, वर भाडेकरूचं ८० हजार डिपॉझिटही. पहिल्यांदा ॲपवर 'उणे ४५ लाख' दिसलं तेव्हा बायकोने फोन माझ्या हातात देऊन विचारलं, "हे काय करून ठेवलंयस?"

खरी परीक्षा जुलैत झाली. भाडेकरू जोडप्याची बेंगळुरूला बदली झाली, डिपॉझिट त्याच दिवशी परत द्यायचं होतं आणि फ्लॅट पुढे सात आठवडे रिकामा राहिला. भाडं शून्य, हप्ता चालू, रंगकाम वेगळं. सगळं त्याच खात्यातून काढलं. साध्या कर्जात हेच चार लाख आगाऊ भरले असते, तर परत मागायला टॉप-अपचा, म्हणजे वाढीव कर्जाचा, अर्ज करत बसलो असतो.

आता तक्रार. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आला. माझा दर रेपोला बांधलेला, म्हणून तो उतरत गेला, पण बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत कमी केली. फ्लॅट रिकामा असताना मला मुदत कमी होऊन काय करायचंय? शाखेत दोन फेऱ्या आणि एक लेखी अर्ज, मग कुठे हप्ता तीनेक हजारांनी खाली आला. तरी माझं बरं. मेव्हण्याचं कर्ज गृहवित्त कंपनीचं आहे. त्यांना रेपोशी जोडणं बंधनकारक नाही, त्याने कमी दरावर जाण्यासाठी रूपांतर शुल्क भरलं तेव्हा दर हलला.

करबचतीच्या कागदावर मात्र मी फसलो. एजंटने दाखवलेला हिशेब जुन्या करप्रणालीचा होता. वर्षाचं भाडं ३,१२,०००, त्यातून मालमत्ता कर १८ हजार वजा, उरलेल्यावर ३० टक्के वजावट, म्हणजे उरले २,०५,८००. व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे दोन लाखांहून थोडा जास्त जो तोटा दिसतो, त्यातले दोन लाख जुन्या पद्धतीत पगारातून वजा होतात. मी नव्या प्रणालीत आहे. तिथे व्याज भाड्यापुरतंच चालतं. उरलेला तोटा पगारातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. सीएने हे सांगितलं तेव्हा करारनामा होऊन चार महिने झाले होते.

फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क आणि स्वतः राहत नसल्याने गेलेली महापालिकेची मालमत्ता करातली ४० टक्के सवलत, हेही त्या कागदावर नव्हतं.

सप्टेंबरमध्ये नवे भाडेकरू आले, ११ महिन्यांचा करार, भाडं २७ हजार. डिपॉझिटचा धनादेश वटला त्याच संध्याकाळी पैसे ओव्हरड्राफ्ट खात्यात टाकले. बायको आता ॲप उघडून उण्यातला आकडा किती उतरला ते स्वतःच बघते.