‘द क्रिमिनल कोड’ की ‘कन्व्हिक्टेड’: आधी कोणता पाहावा?

या दोन्ही हॉलिवूडपटांची गोष्ट एकच आहे. नाइटक्लब, दारू, एका मुलीवरून झालेली बाचाबाची, रागाच्या भरात केलेला एकच वार आणि समोरचा माणूस मेलेला. जीव घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, तरी सदोष मनुष्यवधाखाली पोरगा आत जातो. काही वर्षांनी त्याला आत पाठवणारा सरकारी वकीलच त्या तुरुंगाचा वॉर्डन होऊन येतो. मार्टिन फ्लेव्हिनच्या १९२९च्या नाटकातली ही कथा कोलंबिया स्टुडिओनं तीनदा पडद्यावर आणली. मधला, १९३८चा ‘पेनिटेन्शिअरी’ इथे बाजूला ठेवूया. खरी निवड आहे ती हॉवर्ड हॉक्सचा १९३१चा ‘द क्रिमिनल कोड’ आणि हेन्री लेविनचा १९५०चा ‘कन्व्हिक्टेड’ यांच्यात.

हातात एकच संध्याकाळ असेल तर १९३१चा पाहा, असं मी ठामपणे सांगेन.

पहिलं कारण वयाचं. हॉक्सचा रॉबर्ट ग्रॅहम जेमतेम विशीतला आहे आणि ती भूमिका करणारा फिलिप्स होम्सही तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचाच होता. चेहरा कोवळा, जरा घाबरलेला. दहा वर्षांची शिक्षा ऐकताना त्याला तिचा अर्थही नीट उमगलेला नसतो. सहा वर्षांनी तो तुरुंगातल्या तागाच्या कामावर दिसतो तेव्हा डोळ्यांतला जीव गेलेला असतो. आई गेल्याची बातमी आल्यावर तो पुरता कोसळतो. तरुणपण आत कसं सडतं, हे त्या एका चेहऱ्यावर वाचता येतं. ‘कन्व्हिक्टेड’मध्ये ग्लेन फोर्ड आहे. नट म्हणून तो होम्सपेक्षा कितीतरी सरस, पण तेव्हा त्यानं तिशी ओलांडली होती. त्यानं रंगवलेला कैदी, जो हफर्ड, जाणता, सोसलेला माणूस वाटतो. त्याच्यावर अन्याय होतो हे पटतं, पण त्याचं आयुष्य सुरू व्हायच्या आधीच खुडलं गेलं असं वाटत नाही.

दुसरं कारण माझ्या लेखी जास्त मोठं आहे: अपराधीपणा कुणाच्या खांद्यावर आहे? हॉक्सच्या चित्रपटात तो वकिलाच्या, म्हणजे मार्क ब्रेडीच्या खांद्यावर आहे. आपण बचाव पक्षाकडून उभे असतो तर या पोराला सोडवून आणलं असतं, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो खटला चालवतो, कारण कायद्याच्या पुस्तकात तसं लिहिलंय आणि कुणीतरी किंमत मोजलीच पाहिजे. वॉल्टर ह्यूस्टन हे विलक्षण ताकदीनं उभं करतो. ‘कन्व्हिक्टेड’मधला वकील नोलँड सुरुवातीपासूनच मुलाच्या बाजूनं झुकलेला आहे. दोष जातो निकामी बचावाच्या वकिलाकडे, मेलेल्या मुलाच्या वजनदार बापाकडे आणि पॅरोल नाकारणाऱ्या मंडळाकडे. व्यवस्थेवरची ही टीका रास्तच आहे, पण वॉर्डनच्या मनातली बोच त्यामुळे बोथट होते.

हॉक्सच्या चित्रपटातला वॉर्डनच्या आगमनाचा प्रसंग तर चुकवूच नये. नवा वॉर्डन कोण आहे हे कळताच सगळा तुरुंग ओरडू लागतो. अर्थ नसलेला, न थांबणारा, भिंती हलवणारा गलका. ब्रेडी कुणालाही सोबत न घेता अंगणात उतरतो आणि त्या गर्दीत चालत जातो. यातल्या कित्येकांना त्यानंच आत धाडलेलं आहे. गलका विरत जातो आणि उरते ती फक्त नजरानजर. पुढे हाच माणूस दाढी करायला बसतो तेव्हा वस्तरा असतो गळा चिरल्याच्या गुन्ह्यात आलेल्या कैद्याच्या हातात. बोलपट नुकते रांगायला लागले होते, तेव्हा आवाजाचा आणि शांततेचा असा वापर करणं सोपं नव्हतं.

आणि बोरिस कार्लोफ! त्याला प्रसिद्धी देणारा भयपट ‘फ्रँकेन्स्टाइन’ याच वर्षी, पण नंतर आला. इथे तो गॅलोवे नावाचा कैदी आहे. पॅरोलवर असताना दारूचा एक घोट घेतला म्हणून एका अधिकाऱ्यानं त्याला परत आत टाकलंय, आणि ती आग तो पोटात घेऊन फिरतोय. अमेरिकेत तेव्हा दारूबंदीचा काळ होता, हे लक्षात ठेवून पाहिलं तर ती शिक्षा अधिकच टोचते. खबऱ्याच्या दिशेनं तो पाठमोरा, संथ पावलांनी चालत जातो तो क्षण पाहा. दार बंद होतं. पुढचं काही दाखवायची गरजच राहत नाही. ‘कन्व्हिक्टेड’मध्ये हे काम मिलर्ड मिचेलकडे आहे. तो थंड आणि कोरडा आहे, अधिक खरा कैदी वाटतो असंही कुणी म्हणेल, पण अंगावर काटा येत नाही.

आता १९३१च्या उणिवा. ध्वनी खरखरीत आहे, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, होम्स मधूनच रंगमंचावर असल्यासारखा बोलतो. वॉर्डनची मुलगी आणि कैदी यांचं प्रेम घाईनं उरकलंय. कॉन्स्टन्स कमिंग्ज चांगली असूनही तिला फारसा वाव मिळालेला नाही. ‘कन्व्हिक्टेड’मध्ये डोरोथी मलोनच्या वाट्यालाही त्याहून फार काही आलेलं नाही. शेवटाबाबतही दोघे सारखेच: नाटकाचा शेवट शोकांत होता, तो दोन्ही चित्रपटांनी सौम्य केला. हॉक्स तर पुढे मुलाखतींत सांगत असे, की शेवट कसा असावा हे त्यानं कैद्यांनाच विचारलं होतं.

जुन्या बोलपटांची सवयच नसेल, संवाद कान देऊन ऐकायचा कंटाळा असेल, तर ‘कन्व्हिक्टेड’पासून सुरुवात करायला हरकत नाही. बर्नेट गफीचं छायांकन स्वच्छ आहे, दीड तासात गोष्ट सरळ पुढे सरकते, आणि त्याच वर्षी ‘ऑल द किंग्ज मेन’साठी ऑस्कर घेतलेला ब्रॉडरिक क्रॉफर्ड वॉर्डन म्हणून भारदस्त वाटतो. फोर्डचे चाहते तर तो पाहतीलच. फक्त तेवढ्यावर थांबू नका. आणि दोन्ही पाहणार असाल तर मध्ये काही दिवस जाऊ द्या. लागोपाठ पाहिले तर कथेतली वळणं आधीच ठाऊक असल्यानं दुसरा विनाकारण फिका वाटतो.