क्रिटा ५.२ : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः मराठी अक्षरांबद्दल

क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश किती आहेत, ते फुकट आहे का, लेयर चालतात का, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते इथे नाही. हा अनुभव मराठी कॉमिक, व्यंगचित्र किंवा दिवाळी अंकाची चित्रं करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना चित्राच्या आत मराठी मजकूर बसवायचा असतो आणि त्यासाठी दर महिन्याला भाडं भरावं लागणारं सॉफ्टवेअर नको असतं, त्यांच्यासाठी.

मूळ तक्रार अक्षरांचीच होती. ४.x आवृत्त्यांमध्ये टेक्स्ट टूल देवनागरीच्या बाबतीत भरवशाचं नव्हतं. चित्र क्रिटात करायचं आणि संवाद इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, असा दुहेरी उद्योग चालायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.२ आली तेव्हा मजकूर मांडणारं इंजिन नव्याने लिहिलेलं होतं, आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम आता हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडे गेलं आहे. परिणाम लगेच दिसतो. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, ष्ट्र जागच्या जागी बसतात, ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षराच्या आधी येते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत नाही. इतकी वर्षं या एका गोष्टीसाठी अडून बसलेल्यांना हा मोठा आनंद आहे.

तरी नवा फॉण्ट वापरण्याआधी एक ओळ टाकून बघा : ‘दुसऱ्या वाऱ्याने कुऱ्हाड, सूर्य, राष्ट्र, कर्तृत्व, शाळेतला लढा’. पहिल्या तीन शब्दांत बरेच फॉण्ट नापास होतात. कुठे ऱ्य चा र्य होतो, कुठे नुक्त्याचं टिंब सुटं पडतं. फॉण्ट ठीक असूनही असं झालं तर टायपिंग तपासा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, असं दाबलं की खरा ऱ्य येतो. साधा र आणि हलन्त दाबला तर रफारच येणार, त्यात क्रिटाचा दोष नाही. लेखकाकडून श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये मजकूर आला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. थेट चिकटवलात तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल.

आता ल आणि श. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले आहेत, आणि मराठी डोळ्याला तेच सवयीचे आहेत. विंडोजसोबत येणाऱ्या मंगल आणि निर्मलामध्ये मात्र हिंदी वळणाचा ल उमटतो. ‘लहान मुलांची गोष्ट’ अशा शीर्षकात तो लगेच खटकतो. काही फॉण्टांमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी रूप येत नाही. ५.२ मध्ये ते सांगायला साधं बटण नाही, मजकुराचा कोड दाखवणाऱ्या ‘एसव्हीजी सोर्स’ टॅबमध्ये जाऊन भाषेचा संकेत हाताने लिहावा लागतो. संवादाच्या दर फुग्याला हा खटाटोप परवडत नाही. त्यापेक्षा ज्याचं मूळ वळणच मराठी आहे असा फॉण्ट घ्या. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मोफत आहे आणि निवेदनाच्या चौकटींना शोभतो. संवादाला ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचा बालू २ बरा, मात्र त्यातला ल-श आपल्याला चालतो का ते आधी पाहून घ्या. त्यांचाच मोदक ‘धडाम’, ‘फटाक’ अशा आवाजांसाठी उत्तम आहे, पण मोठ्या आकारातच. तो इतका गुबगुबीत आहे की लहान केला की अक्षरांच्या पोटातल्या फटी बुजतात.

ज्या दोषाने सगळ्यात जास्त वैताग येतो तो शिरोरेषेचा. आवाजाच्या शब्दाला जाड काळी किनार द्यावी म्हणून मजकुराच्या गुणधर्मांतून स्ट्रोक लावला, की दर दोन अक्षरांच्या सांध्यावर उभी रेघ दिसू लागते. कारण सरळ आहे. देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेषेवर थोडी एकमेकांवर चढलेली असतात, आणि स्ट्रोक प्रत्येक अक्षराच्या कडेने स्वतंत्र फिरतो, त्यामुळे आतली कडही रंगते. इंग्रजी अक्षरं सुटी असल्याने तिथे हे जाणवतच नाही. उपाय असा : मजकुराला स्ट्रोक देऊच नका. त्या लेयरवर राइट क्लिक करून लेयर स्टाइल उघडा, तिथला स्ट्रोक चालू करा, जागा ‘आउटसाइड’ ठेवा, आणि ३०० डीपीआयच्या ए४ पानावर जाडी १२ ते २० पिक्सेल द्या. ही किनार संपूर्ण लेयरच्या आकाराभोवती फिरते, अक्षरागणिक नाही, त्यामुळे सांधे दिसत नाहीत. तसंच लेटर स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते. शब्द पसरट हवा असेल तर रुंद फॉण्ट घ्या.

ओळींमधलं अंतर १०० टक्के ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांना भिडतात. १२० ते १३० टक्के ठेवा. फुग्यात ओळी कुठे मोडायच्या ते एंटर दाबून स्वतःच ठरवा : मधली ओळ लांब, वरची-खालची आखूड. टाइप करण्यासाठी ५.२ मध्ये अजून वेगळी खिडकीच उघडते, चित्रावर थेट लिहिता येत नाही. एकेका शब्दासाठी खिडकी उघड-बंद करणं कंटाळवाणं आहे. थेट कॅनव्हासवर लिहिण्याची सोय ५.३ साठी ठरली होती.

इथवर वाचून सगळं क्रिटातच करावं असं वाटेल, आणि सुरुवातीचं मतही तेच होतं. वेबसाठी ते आजही कायम आहे. छपाईसाठी मात्र बदललं. क्रिटातून थेट पीडीएफ निघत नाही, पान टिफ किंवा पीएनजी म्हणून बाहेर पडतं, म्हणजे अक्षरंही पिक्सेल होतात. त्यात आरजीबीतला (पडद्याच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलला की चारही शाया मिळून काळा बनतो. छपाईत प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात, आणि स्वस्त कागदावर शाई फुटते ती वेगळीच. म्हणून छापायच्या पानावर फुगे क्रिटात काढा, पण रिकामे ठेवा, आणि मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त काळ्या शाईत, म्हणजे १०० टक्के ‘के’मध्ये टाका. स्क्रायबस १.६ देवनागरी नीट मांडतं आणि तेही फुकट आहे. आवाजाचे मोठे रंगीत शब्द क्रिटात राहिले तरी बिघडत नाही.

बाकीचं थोडक्यात. ३०० डीपीआयचं ए४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, आठ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेयर साधारण ३५ एमबी खातो. १६ बिटला दुप्पट, ६०० डीपीआयला चौपट. रिकाम्या भागाला मेमरी जवळपास लागत नाही, त्यामुळे रेषांचे लेयर हलके असतात. क्रिटा मूळ सेटिंगमध्ये निम्मी रॅम घेतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर बंद ठेवून ही मर्यादा ६० टक्क्यांपर्यंत नेता येते, आणि स्वॅप फाइल एसएसडीवर ठेवायची.

पेन टॅब्लेटचा दाब मध्येच जातो ही तक्रार बहुतेक वेळा क्रिटाची नसते. सेटिंग्जमधल्या टॅब्लेटच्या पानावर विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. स्वस्त टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये जे चालू असेल तेच इथे निवडा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा आणि त्याच पानावरच्या टेस्टरमध्ये रेघ ओढून दाब बदलतो का ते बघा. पेन टेकवल्यावर गोल वर्तुळ येऊन रेघ उशिरा उमटत असेल तर विंडोजमधलं ‘प्रेस अँड होल्ड’ने राइट क्लिक बंद करा.

रंग भरताना फिल टूलमध्ये ‘ग्रो’ १ किंवा २ पिक्सेल ठेवा आणि रंग रेषांच्या खालच्या लेयरवर टाका, म्हणजे रेषेलगत पांढरी कड राहत नाही. रंगांच्या खुणा केल्या की रेषांमधला भाग आपोआप भरणाऱ्या कलराइझ मास्कचं कौतुक खूप होतं आणि छोट्या चित्रावर ते खरंही आहे, पण ए४ च्या गजबजलेल्या पानावर दर अपडेटला थांबावं लागतं. तिथे फिल टूलच लवकर आटोपतं.

फाइल बिघडली आणि क्रिटा उघडेना, तर .केआरए फाइलची प्रत काढून तिचं एक्स्टेन्शन झिप करा. आत मर्ज्डइमेज नावाची पीएनजी असते. लेयर मिळत नाहीत, पण सपाट चित्र पूर्ण आकारात हाती लागतं. मोठा बदल करण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की पुढच्या क्रमांकाची नवी फाइल बनते. ऑटोसेव्हपेक्षा ही सवय जास्त उपयोगी आहे.

आणि फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवताना : .केआरएमध्ये फॉण्ट सोबत जात नाही. समोरच्याकडे यशोमुद्रा नसेल तर दुसराच फॉण्ट लागून फुग्याबाहेर ओळी सांडतात. पाठवायची प्रत वेगळी करा, तिच्यातल्या मजकुराच्या लेयरना ‘कन्व्हर्ट टू पेंट लेयर’ करा, आणि ज्या प्रतीत मजकूर अजून बदलता येतो ती स्वतःकडे ठेवा. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या शेवटच्या दिवशी येतातच.