आयेल्ट्सच्या निबंधाचा सात महिने सराव केल्यावर

मी नागपुरात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. युकेच्या नर्सिंग कौन्सिलला ॲकॅडमिक आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ बँड (म्हणजे ९ पैकी गुण) लागतो. पहिल्या वेळी माझे बाकीचे तिन्ही निघाले आणि रायटिंग ५.५ वर अडकलं. रायटिंगमध्ये टास्क १ (आलेख, तक्ता वगैरेचं वर्णन) च्या दुप्पट वजन टास्क २ ला, म्हणजे निबंधाला असतं, म्हणून पुढचे सात महिने मी त्यालाच दिले.

साहित्य थोडंच होतं. केंब्रिजची जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं (दोन मला बर्डीच्या बाजारात जुनी मिळाली), परीक्षेच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारे बँड डिस्क्रिप्टर (कोणत्या बँडचं लिखाण कसं असतं त्याचा तक्ता) आणि दोनशे पानी वही. या पुस्तकांच्या शेवटी काही नमुना उत्तरं खऱ्या उमेदवारांची असतात, बँड आणि परीक्षकाच्या शेऱ्यासकट. प्रश्नांइतकंच मी त्या शेऱ्यांतून शिकले.

त्याआधी एक क्लास केला होता. तिथे सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं पाठ करून घेतली, कोणताही प्रश्न आला तरी त्यात बसवायची. पाठ केलेली भाषा परीक्षकांना लगेच कळते आणि ती तुमची धरली जात नाही. ते पैसे वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी खरी अडचण इंग्रजीच्या आधीची होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. निबंध म्हणजे सुभाषितानं सुरुवात, मग फुलवत न्यायचं आणि आपलं म्हणणं शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवायचं. इथे ‘टू व्हॉट एक्स्टेंट डू यू ॲग्री ऑर डिसॲग्री’ विचारलं की तुम्ही कुठे उभे आहात हे पहिल्याच परिच्छेदात कळलं तर बरं, आणि शेवटपर्यंत तिथेच उभं राहावं लागतं. ही सवय मोडायला मला दोन महिने लागले.

सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट करावी का, असा एक प्रश्न मी सरावाला घेतला होता. मी प्रदूषण लिहिलं, ट्रॅफिक लिहिलं, २०१९ मध्ये आपल्याकडे मेट्रो सुरू झाली तेही लिहिलं. २८० शब्द झाले, व्याकरण बरं होतं. आमच्या वॉर्डातल्या सीनियर ताईंना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, “अगं, फुकट करायची का, असं विचारलंय. तू मेट्रो चांगली असते एवढंच सांगून राहिली.”

मग तोच निबंध पुन्हा लिहिला. आमच्या वॉर्डातल्या मदतनीस मावशी हिंगण्याहून दोन ऑटो बदलून ड्यूटीवर येतात. भाडं वाचलं तर त्यांच्या घरखर्चाला हातभार लागेल. पण ज्याच्या दारात कार उभी आहे, तो तिकीट माफ झालं म्हणून बसमध्ये चढणार नाही. त्याला दर दहा मिनिटांनी बस हवी. म्हणून कमी उत्पन्नवाल्यांना फुकट, बाकीच्यांच्या तिकिटातून फेऱ्या वाढवा, हे माझं मत ठरलं. स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या, असं प्रश्नाखालीच छापलेलं असतं, तरी तोवर मी लंडन-न्यूयॉर्कचीच देत होते. तिसऱ्या वेळी फक्त भाषा सुधारली.

तेव्हापासून आठवड्याला दोन नवे निबंध आणि एक जुना पुन्हा. ४० मिनिटांतली सात प्रश्न समजून मुद्दे ठरवायला, पाच तपासायला, उरलेली लिहायला. मे महिन्यात नाइट करून घरी आल्यावर कूलरसमोर बसून हे करणं फार जड गेलं. पण नवीन दहा लिहून जे कळलं नसतं, ते एकच तीनदा लिहून कळलं.

भाषेतल्या माझ्या दोन चुका मराठी लोकांच्या नेहमीच्याच असतील. एक, ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत हे नाहीच, त्यामुळे सुटलेलं डोळ्यांना दिसत नाही. तपासताना मी एक फेरी फक्त त्यासाठी ठेवली. दुसरी, प्रत्येक वाक्याआधी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’. जोडशब्द यांत्रिकपणे येणं हे डिस्क्रिप्टरमध्ये सहाच्या बँडचं लक्षण म्हणून दिलंय, हे वाचलं आणि निम्मे काढून टाकले.

एकट्यानं सराव करण्यातली उणीवही सांगते. मुद्दा भरकटला हे वाचून कळतं, व्याकरणाची रोजची चूक मात्र स्वतःला दिसत नाही. दुसरं माणूस लागतंच. फुकटातली तीन तपासणी ॲप वापरून पाहिली, एकाच निबंधाला तिघांनी तीन वेगळे बँड दिले. नंतर मी बँड बघणं सोडलं, फक्त दाखवलेल्या चुका बघितल्या.

आणि परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर पहिल्या दिवसापासून टाइप करा. मी चार महिने वहीत लिहिलं आणि मग टायपिंगचा वेग कमी पडला. स्क्रीनवर शब्द मोजलेले दिसतात, त्यामुळे २५० गाठले की नाही याची धाकधूक राहत नाही. पण चुकलेलं स्पेलिंग कुणी दाखवत नाही.

दुसऱ्या वेळी रायटिंगला ६.५ आले, बाकीचेही टिकले. वही आता आमच्या वॉर्डातली ज्युनियर वापरते. सुरुवातीची पानं फाडावीशी वाटली होती, पण ठेवली. फुकट बसच्या निबंधाची तिन्ही रूपं आधी वाच, असं तिला सांगितलंय.