गोव्यातल्या घरासाठी थर्मोस्टॅट: रिमोट, आयआर डबी, वायफाय एसी की भिंतीवरचा?

अमेरिकेतला भाचा गेल्या डिसेंबरात आला तेव्हा माझ्यासाठी एक गोल, चकचकीत डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारं उपकरण, घेऊन आला. फोंड्याच्या घरात तो लावायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मागचं झाकण काढलं, आतली बारीक टर्मिनलं निरखली आणि म्हणाला, "बाब, हें हांगा चलचें ना." त्याचं बरोबर होतं. तिकडचे बहुतेक थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारांवर चालतात आणि अख्ख्या घराला गरम-गार करणाऱ्या एका यंत्राला हुकूम सोडतात. आपल्याकडे खोलीगणिक स्प्लिट एसी, आणि त्याचा थर्मोस्टॅट त्याच्याच पोटात. परदेशातून कोणी आणतो म्हणालं तर वेळीच नको म्हणा.

आपल्याला खरं ठरवायचं असतं ते वेगळंच: खोलीचं तापमान मोजायचं कुठे, आणि एसीला सांगायचं कोणी?

एसीचा सेन्सर वर, छताजवळच्या युनिटमध्ये बसलेला. माडीवरच्या खोलीत कौलांखाली गरम हवा साठते. सेन्सरला वाटतं अजून उकडतंय, म्हणून तो कॉम्प्रेसर चालूच ठेवतो, आणि खाली खाटेवर माणूस चादरीत गुरफटून कुडकुडतो. माझ्याकडे एसी २४ दाखवत होता तेव्हा उशीजवळ ठेवलेल्या, तापमान-आर्द्रता दाखवणाऱ्या डबीवर २२ होतं. १ जानेवारी २०२० पासून रूम एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर येतं, आणि एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. म्हणजे या दोन अंशांचे पैसे मी थंडीने कुडकुडण्यासाठी मोजत होतो.

याचा फुकटातला इलाज काही रिमोटमध्येच असतो. 'फॉलो मी' किंवा 'आय फील' असं बटण असेल तर एसी स्वतःचा सेन्सर सोडून रिमोटमधला सेन्सर वाचतो. रिमोट उशाशी ठेवायचा, तोंड एसीकडे करून; उशीखाली गेला तर हिशेब चुकला. एकच एसी असेल आणि तो रात्रीच लागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण पावसाळ्यात फक्त तापमान बघून भागत नाही. जुलैच्या रात्री बाहेरच २५ अंश असतात. एसी २५ वर ठेवला तर कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही. पंखा मात्र फिरत राहतो आणि एसीतल्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडतो. डबीवर तापमान छान, आर्द्रता ८३ टक्के. अंथरूण ओलसर, कपाटातल्या चपलांवर बुरशी. म्हणून माझं मत पक्कं आहे: गोव्यात आर्द्रता न मोजणाऱ्या थर्मोस्टॅटवर पैसे घालू नयेत.

इथे आयआर (इन्फ्रारेड) डबी कामाला येते. ती रिमोटसारखेच अदृश्य किरण सोडते, शिवाय फोनवरून चालते. साधी डबी हजार रुपयांच्या आसपास मिळते, पण तिला सेन्सर नसतो. घ्यायची ती तापमान-आर्द्रता मोजणारी, जिला 'आर्द्रता ७० च्या वर गेली की ड्राय मोड', म्हणजे हवेतला ओलावा काढणारा मोड, असं शिकवता येतं. घेण्याआधी तुमच्या एसीचं मॉडेल तिच्या यादीत आहे का ते बघा. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंखा असा पूर्ण निरोप पाठवतो, त्यामुळे यादीत नसलेल्या एसीसाठी प्रत्येक जुळणी वेगळी शिकवत बसावी लागते. गोल बटण फिरवायच्या जुन्या विंडो एसीला तर ती चालतच नाही. तिचा मोठा दोष म्हणजे ती बोलते, ऐकत नाही. घरच्यांनी रिमोटने एसी बंद केला तरी फोनवर 'चालू' दिसत राहतं.

वायफाय एसीत ही फसगत नाही, कारण खरी स्थिती एसी स्वतःच कळवतो. पण सेन्सर पुन्हा तोच, छताजवळचा. नवा एसी घ्यायचाच असेल तर वायफायवाला घ्या. चालता एसी काढून त्यासाठी नवा आणणं मला पटत नाही.

दोन्हींना अडचण आपल्या चिऱ्यांच्या भिंतींची. यातली बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरतात, आणि दीड फूट जाड भिंतीपलीकडे तेही लंगडतं. आयआर किरण तर भिंतीतून जातच नाहीत, म्हणजे खोलीगणिक एक डबी आली. पावसात वीज सारखी ये-जा करते तेव्हा एसीला ऑटो रिस्टार्ट आहे का हेही बघायला हवं, नाहीतर डबी जागी होते आणि एसी झोपलेलाच राहतो.

स्मार्ट प्लगने एसी चालू-बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दीड टनाच्या एसीला १० अँपिअरचा प्लग पुरा पडत नाही, आणि चालत्या कॉम्प्रेसरची वीज अशी तोडणं बरं नव्हे.

भिंतीवरचा तारेचा थर्मोस्टॅट डक्टवाल्या (नळीतून खोल्यांना थंड हवा पुरवणाऱ्या) किंवा मध्यवर्ती एसीसाठी. घरगुती खोल्या पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्यांना तो आवडतो, कारण त्यात तापमानाची खालची मर्यादा बांधता येते. आयआर डबी पाहुण्याच्या हातातला रिमोट १८ वर जाण्यापासून अडवू शकत नाही. भिंतीवरचा थर्मोस्टॅट लावायचा तो जमिनीपासून पाच फुटांवर, आतल्या भिंतीला, ऊन आणि टीव्हीपासून दूर.

म्हापशाची मावसबहीण चवथीपूर्वी घर नीट करतेय आणि तिला हेच ठरवायचं होतं. तिला म्हटलं, आधी तीन-चारशे रुपयांची आर्द्रता दाखवणारी डबी आण आणि आठवडाभर खाटेजवळ ठेव. आठव्या दिवशी तिचा फोन आला: आकडा एकदाही ८० च्या खाली आला नव्हता. तिने सेन्सरवाली आयआर डबी मागवली, एकाच खोलीपुरती.