दोन वर्षांचं कंत्राट होतं, फक्त अडीच महिने उरलेलं

₹४५,०८०. नोकरीसाठी एजन्सीला भरलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगून टाकतो. मेहुण्याला अजून पूर्ण आकडा माहीत नाही. त्याला पंचवीस हजारच सांगितलेत, कारण तेवढे त्याचे होते.

पैसे घेऊन पळालेल्या एजन्सीचे किस्से सगळ्यांनी ऐकलेत. बोगस जॉइनिंग लेटर, बंद फोन, ऑफिसला कुलूप. मीही ऐकले होते, म्हणूनच तपास केला. ऑफिसला दोनदा जाऊन आलो, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळवलं. आधीच्या बॅचच्या दोघांशी फोनवर बोललो, ते खरंच कामावर होते. मला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या. माझी नोकरी खोटी नव्हतीच. गेट खरं, हजेरी खरी, साहेब खरे. केंद्र सरकारच्या एका मोठ्या उपक्रमात कंत्राटी स्टोअर असिस्टंट, पगार अठरा हजार.

माझी कंपनी २०२३ च्या दिवाळीनंतर बंद पडली. अकरा वर्षं स्टोअरमध्ये काढली होती. छत्तिसाव्या वर्षी बी. कॉम. माणसाला कोण दारात उभं करतं, हे ज्याने अर्ज टाकलेत त्यालाच माहीत. त्यात एजन्सीच्या मॅडम फोनवर इतक्या शांतपणे बोलायच्या, की मीच त्यांना घाई करायला लागलो.

पैसे असे गेले. नोंदणी ₹१,१८०, जीएसटी धरून, रीतसर पावती. मेडिकल ₹१,५००. युनिफॉर्म आणि ओळखपत्र ₹२,४००. 'प्रोसेसिंग' ₹१५,००० रोख, पावती नाही, "सर, ते वरचं असतं" म्हणून. आणि सिक्युरिटी डिपॉझिट ₹२५,०००. त्याची पावती आहे, पण 'परत मिळेल' हे त्यावर पेन्सिलीने लिहिलंय. पेन्सिलीने! तेव्हा मला ती बाईंची सवय वाटली.

मॅडम एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "दोन वर्षांचं कंत्राट आहे, सर." यात एक अक्षर खोटं नव्हतं. कंत्राट दोन वर्षांचंच होतं, १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४. मी रुजू झालो १७ जानेवारी २०२४ ला. कधीपासून दोन वर्षं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता ती गेटवरची सकाळ. आम्ही बारा जण रांगेत. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये एक वयस्कर गार्ड पास लॅमिनेट करून देत होता. माझा पास हातात ठेवताना त्याने एकदा पासकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, आत्ता घेतायत होय माणसं?" मी हसलो. मला वाटलं, थंडीत, सकाळी सातला, असं म्हणतोय. पास अजून गरम होता. फोटोखाली छापलं होतं: वैध ३१/०३/२०२४ पर्यंत. मी ते वाचलं. वाचलं नाही असं नाही, नीट वाचलं, आणि मनात म्हटलं, आर्थिक वर्ष संपतं ना, एप्रिलमध्ये नवा पास देतील.

अकरा वर्षं माझं काम काय होतं? रबर सील, चिकटवायचं केमिकल, रंगाचे डबे, प्रत्येकावरची एक्स्पायरी बघून माल लावायचा. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. एक डबा चुकून आत गेला तर मी माणसांना फैलावर घेत असे. आणि गळ्यात अडकवलेली स्वतःची एक्स्पायरी मला दिसली नाही. रात्री झोप उडते ती पैशाने नाही, या पासाने.

एजन्सीचा धंदा मला नंतर जेवणाच्या सुट्टीत जुन्या लोकांनी समजावला. कंत्राट संपत आलं की माणसं सोडून जायला लागतात. ठरलेली संख्या भरली नाही तर कंत्राटदाराच्या बिलातून दंड कापला जातो. मग शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी रिकाम्या जागा विकायच्या. उपक्रमाकडून बिल मिळतं ते वेगळं, आमच्याकडून मिळतं ते वेगळं. बारा जण गुणिले ₹४५,०८०, करा हिशोब. जुन्यांपैकी एकानेही रुजू होताना एक रुपया दिला नव्हता. हे त्यांना चहाच्या टपरीवर आधीच विचारलं असतं तर! मी ज्या दोघांना फोन केला ते नंबर एजन्सीनेच दिलेले होते. नंबर त्यांच्याकडून घेऊ नका. गेटवर जा, शिफ्ट सुटताना उभे राहा.

जानेवारीचे पंधरा दिवस, हातात ₹७,१५०. फेब्रुवारीत स्लिप मिळाली: पीएफ १,८००, ईएसआय १३५, प्रोफेशनल टॅक्स ३०० (फेब्रुवारीत तो तीनशेच असतो, ते ठीक) आणि 'ॲडमिन चार्ज' १,५००. हातात ₹१४,२६५. ॲडमिन कोणाचं, चार्ज कशाचा? मार्चचा पगार आलाच नाही. १ एप्रिलला गेटवर पास लावला, लाल दिवा. नव्या कंत्राटदाराने जुन्या लोकांना घेतलं, आमची नावं यादीत नाहीत म्हणाले. त्यांच्या माणसाने बाजूला नेऊन 'वीस हजारात बघू' असंही सुचवलं. भरलेले वजा मिळालेले, उरतात ₹२३,६६५. म्हणजे पंच्याहत्तर दिवस रोज साधारण ₹३१५ खिशातून घालून मी सरकारी स्टोअर सांभाळलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "नोकरी लागली होती ना? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा साधा अर्ज घेतला, शिक्का द्यायला खळखळ. मी चारशेवीस म्हटल्यावर हवालदार हसला, "कायदा आम्हाला शिकवू नका." (१ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणात चारशेवीस म्हणू नका, फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. तेवढ्यावरूनही परत पाठवतील.) १९३० वर फोन केला. तो ऑनलाइन फसवणुकीसाठी, माझे पंधरा हजार रोख.

राज्याच्या कामगार कार्यालयात दोन तास बसवून सांगितलं, उपक्रम केंद्राचा, तक्रार केंद्राच्या कार्यालयात करा. हे दारावरच सांगता आलं नसतं? केंद्राच्या कार्यालयात म्हणे, हजेरीची प्रत आणा. हजेरी गेटच्या आत, मी गेटच्या बाहेर! उपक्रमाच्या एचआरला तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१ छापून नेऊन दाखवलं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा आणि त्याच्याकडून वसूल करायचा, सरळ लिहिलं होतं. एचआरच्या बाईंनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. "तुमचा कंत्राटदार कोण?" मी एजन्सीचं नाव सांगितलं. या नावाशी आमचा करारच नाही म्हणाल्या. कंत्राट दुसऱ्याच फर्मला, आणि माझ्या पासबुकात पगार टाकणारी कंपनी तिसरीच. मग दंड कापताना माणसं मोजली ती कोणाची होती? त्यावर उत्तर नाही.

पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, माझा जुनाच होता. पासबुकात या पंच्याहत्तर दिवसांची एकही नोंद नाही. ऑनलाइन तक्रार टाकली, आस्थापनेचा कोड द्या असं उत्तर आलं आणि खाली शेरा: तक्रार निकाली. कोड मला कोण देणार, ज्याने पैसे खाल्ले तो?

अजून कोणी अशा ठिकाणी जात असेल तर टेंडर शोधा. सरकारी उपक्रमांची मनुष्यबळाची टेंडरं जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) किंवा केंद्राच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर असतात, राज्याची महाटेंडर्सवर. कंत्राटदाराचं नाव आणि शेवटची तारीख बघा, आणि एजन्सीला नाव घेऊन विचारा. रोख मागितली की उठा. रुजू झाल्यावर हजेरीचा फोटो रोज काढा, पासाचा दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या पगाराला यूएएन उघडून बघा, तिसऱ्याची वाट बघू नका.

केंद्राच्या कार्यालयात अर्ज घेतलाय, पण एकट्याचा. साहेब म्हणाले, अजून चार-पाच जण आले तर हजेरी मागवता येईल. १७ जानेवारीच्या बॅचमधल्या बाकीच्या अकरा जणांपैकी तिघांचेच नंबर माझ्याकडे आहेत आणि त्यातला एक उचलत नाही. त्या दिवशी गेटवर रांगेत असलेलं कोणी हे वाचत असेल तर पास फेकून देऊ नका.