‘रेड अलर्ट २’च्या नावाखाली स्टीम खाते पळवण्याचा प्रकार

पुण्यात जुने संगणकीय खेळ विकणाऱ्या एका व्यक्तीने माझी ज्या पद्धतीने फसवणूक केली ती सविस्तर लिहीत आहे, कारण याच शहरातील माझ्या ओळखीच्या आणखी काही जणांना त्याच मजकुराची जाहिरात आलेली आहे. जाहिरात ‘कमांड अँड कॉन्कर : रेड अलर्ट २’ आणि ‘युरीज रिव्हेंज’ ही त्याची पुरवणी यांची होती. आइन्स्टाइन भूतकाळात जाऊन हिटलरला इतिहासातून नाहीसा करतो आणि त्यामुळे स्टॅलिनचा सोव्हिएत संघ युरोपवर चालून येतो, या १९९६च्या पहिल्या खेळातील कल्पनेला पुढे नेत २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात सोव्हिएत फौजा थेट अमेरिकेत उतरतात. ज्यांनी इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये खोल्याखोल्यांतून लॅनची केबल ओढून एकमेकांच्या तळांवर किरोव्ह या बॉम्बफेकी हवाई नौका सोडल्या, त्यांना हा खेळ पुन्हा हवासा वाटणे साहजिक आहे, आणि विक्रेत्याचा सारा धंदा नेमका याच वयाच्या गिऱ्हाइकांवर बेतलेला आहे.

त्याचे म्हणणे असे की, खेळ बनवणारी वेस्टवूड ही संस्था २००३ साली बंद झाली, म्हणून तो आता अधिकृतपणे कोठेच मिळत नाही. यातील पहिला भाग खरा असल्यामुळे दुसराही खरा वाटतो. वस्तुतः खेळाचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे आहेत, आणि मार्च २०२४ पासून या मालिकेतील सतरा खेळांचा संच, त्यात ‘रेड अलर्ट २’सह, स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात उघडपणे विकला जातो. पहिला ‘रेड अलर्ट’ तर कंपनीने २००८ सालीच मोफत केला असून ‘ओपनआरए’ या मुक्त प्रकल्पातून तो आजच्या संगणकांवरही फुकट खेळता येतो. हाच फुकट खेळ हा गृहस्थ दोनशे रुपये वेगळे घेऊन विकतो, याला धाडस म्हणावे की निर्लज्जपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यूपीआयने ७९९ रुपये पोहोचल्यावर त्याने खेळाची ‘की’, म्हणजे खेळ आपल्या खात्यात जमा करण्याचा कोड, न पाठवता एका परक्या स्टीम खात्याचे नाव आणि पासवर्ड पाठवला. सोबतच्या कागदावर ‘लाइफटाइम ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ असा मथळा होता आणि खाली सूचना होत्या : पासवर्ड बदलू नये, डाउनलोड झाल्यावर ऑनलाइन राहू नये, कोड लागल्यास फोन करावा. स्टीमच्या नियमांनुसार खाते विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. तरीही तेच एक खाते अनेकांना विकून, स्टीम गार्डचा, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा, कोड स्वतःच्या ईमेलवर ठेवून हा व्यवहार चालतो. नव्याने घेतलेल्या म्हणून दिलेल्या खेळापुढे शेकडो तास खेळल्याची नोंद होती, खात्याचे दर्शनी नाव अधूनमधून बदलत असे, आणि कधी कधी हे खाते दुसऱ्या संगणकावर वापरले जात असल्याचा संदेश येऊन खेळ बंद पडत असे. पुढे कोड मिळणेच थांबले.

तक्रार केल्यावर तो अतिशय आदबीने बोलला. ‘सर, गैरसोयीबद्दल माफ करा, तुमच्या स्वतःच्याच अकाउंटला गिफ्ट करून देतो,’ असे सांगून त्याने एक लिंक पाठवली. त्या पानावरील बटण दाबताच स्टीमच्या लॉगिनची वेगळी खिडकी उघडली. तिच्या माथ्यावर कुलपाचे चिन्ह होते आणि पत्ता स्टीमचाच, अचूक स्पेलिंगसह लिहिलेला होता. पण ती खिडकी नव्हतीच. पानाच्या आतच रेखाटलेले ते चित्र होते, आणि त्यातील पत्त्याची ओळही त्या चित्राचाच भाग होती. या खेळात शत्रूचा गुप्तहेर आपल्याच शिपायाच्या गणवेशात तळावर शिरतो आणि त्याला कुत्रे ओळखते, तसाच हा प्रकार. इथे कुत्र्याचे काम माउस करतो : अशी खिडकी धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी खिडकी बाहेर येते, चित्र मात्र कडेपाशी अडते किंवा कापले जाते. शिवाय भेट स्वीकारायला बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर लॉगिन करावेच लागत नाही; ती स्टीममधील मित्रयादीतूनच येते.

त्या पानावर भरलेला पासवर्ड आणि स्टीम गार्डचा कोड त्याच क्षणी पलीकडे वापरला गेला. काही मिनिटांत माझ्या खात्याचा ईमेल बदलला, वॉलेटमधील शिल्लक संपली आणि विक्रेत्याचा क्रमांक बंद झाला.

खाते स्टीम सपोर्टकडून परत मिळाले, ते जुन्या खरेदीच्या पावत्या आणि मूळ ईमेल जपून ठेवल्यामुळे. मालकी सिद्ध करण्यासाठी त्यांना असाच पुरावा लागतो. नुसती कैफियत मांडून भागत नाही. पैशांसाठी १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. तिथे यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारतात, त्यामुळे पैसे गेल्याचा नुसता स्क्रीनशॉट न ठेवता तो क्रमांक लिहून ठेवावा, तसेच विक्रेत्याशी झालेले संभाषण आणि लिंकचा पूर्ण पत्ता पुसू नये. रक्कम अद्याप मिळालेली नाही.

खाते त्याच्या ताब्यात असताना माझ्या मित्रयादीतील सर्वांना माझ्या नावाने तीच लिंक गेली, आणि माझ्या भाच्याने ती मामाने पाठवली म्हणून उघडलीही. सुदैवाने त्याचा पासवर्ड त्याला आठवला नाही. ‘युरीज रिव्हेंज फुकट मिळतोय, लगेच क्लेम करा’ असा मजकूर माझ्या नावाने आला असेल, तर तो मी पाठवलेला नाही. ज्यांनी तिथे लॉगिन केले असेल त्यांनी स्टीमच्या ॲपमधून लगेच पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, आणि तोच पासवर्ड ईमेलला वापरला असल्यास आधी ईमेलचा बदलावा.